पाण्याखालचे दोन हात

ऑफिसात सगळे त्याला खवीस म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती, पण ऑफिसातल्या भिंती प्लायवूडच्या, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात ते नाव त्याच्या कानावर गेलं होतं. त्याने त्यावरून कोणाला हटकलं नाही. उलट ते टिकवायला तो रोज नेमाने मेहनत घेत असे. सकाळी आला की खिडकीचा पडदा खसकन ओढायचा, मग एसीवरून एकाशी आणि खुर्ची कोणी सरकवली यावरून दुसऱ्याशी भांडून घ्यायचं, आणि शेवटी आपल्या मॉनिटरचा उजेड इतका कमी करायचा की येणाऱ्याजाणाऱ्याला तो बंदच आहे असं वाटावं. चांगलं कोणी बोलायला आलं तर कपाळाला आठ्या, वाईट बोललं तर मात्र चेहऱ्यावर थोडी तरतरी. अशी माणसं असतात. कुठल्याही ऑफिसात असा एक तरी असतोच, आणि त्याला काढून टाका म्हटलं तर मालक म्हणतो, काम चांगलं करतो हो.

काम चांगलं करत होता, हे खरंच. त्याचं काम मास्कचं. कॉम्प्युटरवर हलती चित्रं एकावर एक रचलेली असतात, काचेच्या तावदानांसारखी. प्रत्येक तावदानाला लेयर म्हणतात. एखाद्या लेयरमधल्या माणसाभोवती ठिपके टाकत रेघ ओढली की झाला मास्क. रेघेच्या आतलं दिसतं, बाहेरचं पारदर्शक होतं आणि खालचा लेयर त्यातून डोकावू लागतो. मास्क उलटा केला की माणूस गायब, भोवतालचं जसंच्या तसं. पुरता गायब करायचा नसेल तर ओपॅसिटी कमी करायची, म्हणजे माणूस विरत जातो. कड टोचत असेल तर फेदर द्यायचं, कड मऊ होते. शास्त्र म्हणाल तर एवढंच. पण माणूस हलतो, केस उडतात, कॅमेरा थरथरतो, आणि दर फ्रेमला, म्हणजे हलत्या चित्रातल्या एकेका स्थिर चित्राला, ती रेघ पुन्हा हाताने सरकवत बसावं लागतं. बाकीचे या कामाला कंटाळत. खवीसाला ते आवडायचं. लोकांच्या समारंभातून नकोशी झालेली माणसं काढायला त्याला विशेष गोडी होती. मोडलेल्या सोयरिकीतला जावई, भांडून वेगळा झालेला भागीदार, वाटणीवरून दुरावलेला भाऊ. कोणी कोणाला का काढतंय हे तो कधी विचारत नसे. गोतावळ्यातून एक माणूस अलगद उचलला आणि मागची भिंत जागच्या जागी बसली की तो खुर्चीत मागे रेलायचा. त्याच्या दिवसातलं तेवढं एक सुख.

ऑफिसचा मालक गोलमटोल आणि गोडबोल्या. सगळ्यांना तो ‘राजे’ म्हणायचा, खवीसालाही. एक दिवस तो त्याच्या टेबलाशी आला.

“राजे, खास तुमच्या हातचं काम आलंय. नवरीच्या लहानपणीचं जुनं शूटिंग आहे, लग्नाच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर दाखवायचंय. त्यात एक माणूस आहे. तो सगळीकडून काढायचा. सगळीकडून म्हणजे सगळीकडून, पार्टीने बजावून सांगितलंय.”

“कोण आहे?”

“असेल कोणी. आपल्याला काय करायचंय?”

खवीसाने फाइल उघडली. एका खोलीत हिरवं कपाट, जमिनीवर एक चिमुरडी ठोकळे रचत बसलेली, आणि तिच्यामागे मांडी घालून बसलेला एक काटकुळा, दाट केसांचा माणूस. माणूस तोंड उघडं टाकून हसत होता. कपाट खवीसाने आधी ओळखलं. त्याचं दार नीट लागत नसे, त्यावरून त्याने घरात किती वेळा आरडाओरडा केला होता. मग त्याने मुलगी ओळखली. स्वतःला ओळखायला मात्र त्याला वेळ लागला, कारण तो आता टकला होता, चष्मा होता, आणि हसण्याचं म्हणाल तर तो प्रकार त्याने कधीच सोडून दिला होता.

मालक त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होता. “हाच तो. दात काय काढतोय बघा! असली माणसं काढलेलीच बरी.”

खवीसाने मॉनिटरचा उजेड आणखी कमी केला. मालकाला त्यात नवल वाटलं नाही, ती त्याची रोजचीच सवय होती.

आता इथे थोडं मागचं सांगायला हवं. त्याचं लग्न मोडलं तेव्हा मुलगी चौथीत होती. दोघांच्या संसारात चूक कोणाची याचा निकाल कोर्टानेही दिला नाही, तो आपण कशाला द्यावा. पण कोर्टाने मुलीला भेटायला रविवार ठरवून दिले होते, आणि त्या रविवारांची माती मात्र याने स्वतःच्या हाताने केली. दारात पाऊल टाकलं की बायकोशी काहीतरी उकरून काढायचं, शब्दाने शब्द वाढवायचा, आणि मुलगी आतल्या खोलीत वेणी घालून तयार बसलेली. एकदा असाच डोक्यात राख घालून ओरडला, “नाही येत जा!” आणि खरंच गेला नाही. पुढच्याही रविवारी गेला नाही. त्या दोघी बोलावतील मग जाऊ, असं म्हणता म्हणता मुलगी मोठी झाली. तिचं लग्न ठरल्याचं त्याला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. आमंत्रण नव्हतं. ते येणार नाही हे त्याला ठाऊक होतं, तरी तो रोज घरी गेल्यावर दाराच्या फटीतून आत सरकवलेले कागद उलटेपालटे करून बघायचा. आता तर लहानपणातूनही त्याची हकालपट्टी होणार होती, आणि ती करायला त्यालाच बसवलं होतं. त्या फिल्ममध्ये तो राहिला नाही तर मुलीच्या आयुष्यात तो कुठेच राहत नव्हता.

तळपायाची आग मस्तकात गेली. जिन्यात जाऊन त्याने बायकोला, म्हणजे जी एकेकाळी बायको होती तिला, फोन लावला.

“लाज वाटते का जरा?”

“कोण बोलतंय?” तिने विचारलं. आवाज तिने ओळखला होता, हे त्या विचारण्यातूनच कळत होतं.

“लेकीच्या लहानपणातून मला खोडायला निघालीस? एवढा जळफळाट? अजून?”

“हे बघ, आधी ऐकून घे. हे मी काही...”

“तू ऐकून घे! कॅमेरा मी आणला होता. अर्ध्याहून जास्त शूटिंग मी केलंय.”

“तुला जन्मात कधी समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकता...”

त्याने फोन बंद केला. भांडणात फोन आपण आधी ठेवला याचं त्याला नेहमीप्रमाणे समाधान वाटलं. जिना चढेपर्यंत ते टिकलं.

काम नाकारता आलं असतं. पण नाकारायला कारण सांगावं लागलं असतं, आणि दुसऱ्या कोणी आपल्याला काढायचं म्हणजे कडा फाटक्या, केसांच्या जागी डाग. ते त्याला सोसवलं नसतं. शिवाय त्याच्या मनात भलतंच काही शिजायला लागलं होतं.

त्याने सुरुवात केली. हिरव्या कपाटाच्या खोलीतून स्वतःला उचललं आणि कपाटाची मोकळी बाजू दुसऱ्या फ्रेममधून आणून खाली लावली. गच्चीवरून काढलं. बागेतल्या बाकावरून काढलं, बाकाच्या फळ्या एकेक जुळवल्या. हात सराईत होता आणि चेहरा दगडी. फक्त एका गोष्टीने तो वैतागला. ज्या ज्या शॉटमध्ये तो होता तो तो शॉट उघडच बायकोने घेतलेला होता, आणि कॅमेरा पुन्हा पुन्हा मुलीला सोडून त्याच्यावर रेंगाळत होता. कुठे त्याचा नुसता कान, कुठे मान, कुठे चहा पितानाचा चेहरा, तोही उगाच लांबवलेला. त्याचं काम वाढत होतं. “काय बघत होती कोण जाणे,” असं पुटपुटत तो ठिपके टाकत राहिला.

शेवटचा शॉट तरणतलावातला होता. मुलीच्या डोक्यावर लाल टोपी. ती पाण्यावर पालथी, हातपाय मारतेय, आणि तो छातीभर पाण्यात उभा, दोन्ही तळवे तिच्या पोटाखाली. धड काढणं अवघड नव्हतं, बाजूचं पाणी आणून तिथे पसरलं. खरी मेख तळव्यांची होती. पाणी हलतं, बोटं लांबतात, आखूड होतात, क्षणात दिसतात, क्षणात फुटून जातात. दोन तळव्यांसाठी त्याने वेगळा लेयर केला, वेगळा मास्क ओढला, आणि ओपॅसिटी शून्यावर आणली. हात गेले. तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग त्याने तो आकडा अगदी किंचित वर सरकवला.

तळवे परत आले, पण नावापुरते. आहेत असं माहीत असेल त्यालाच दिसावेत इतके. खवीसाला मोठा आनंद झाला. एवढ्या पाहुण्यांसमोर, त्या बाईच्या नाकावर टिच्चून, आपण हॉलमध्ये हजर असणार आणि तिला त्याचा पत्ताही लागणार नाही! असा त्याचा डाव. हा सूड आहे असं त्याने स्वतःला बजावलं. सूडबीड काही नव्हता. त्याला तिथे असायचं होतं, बस. पण हे कबूल करायला लागणारी जागा त्याच्या मनात फार दिवसांपूर्वीच बंद झाली होती, त्यामुळे त्याला सुडाचं नाव द्यावं लागलं.

फिल्म दाखवायच्या दिवशी मालक त्याला ओढतच बाहेरच्या खोलीत घेऊन गेला. पार्टीने म्हणे सांगितलं होतं की मास्कवाल्याला समोर बसवा, काही बदल असेल तर तिथल्या तिथे सांगता येईल. त्या खोलीत एक मऊ सोफा आणि भिंतभर टीव्ही होता. गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून मालकाने त्याचा उजेड आणि रंग शेवटपर्यंत चढवून ठेवले होते. खवीस त्या खोलीत कधी फिरकत नसे. आपण सगळं काम अंधारलेल्या मॉनिटरवर केलंय आणि ते दाखवलं जाणार आहे या भगभगीत टीव्हीवर, ही एवढीशी गोष्ट, जी त्याच्या धंद्यातलं कोणीही शिकाऊ पोर विसरणार नाही, ती हा विसरला होता. डाव रचणाऱ्याचं लक्ष डावातच असतं.

त्याला वाटलं होतं बायको येईल. तिला काय काय ऐकवायचं याची त्याने तयारी केली होती. दार उघडलं आणि मुलगी आत आली.

उंच झाली होती. चेहरा आईचा होता, पण कपाळावरची आठी त्याचीच, जशीच्या तशी. तिने पर्स मांडीवर घेतली, त्याच्याकडे एकदा बघितलं, आणि मालकाला म्हणाली, “लावा.”

ती फिल्म बघत नव्हती, तपासत होती. ठोकळे, कपाट, गच्ची, बाग. कुठे तिचा चेहरा हलला नाही. तलाव आला आणि ती पुढे सरकली.

“थांबवा. मागे घ्या जरा. हं. हे काय आहे?”

टीव्हीवर, मुलीच्या पोटाखाली, दोन फिकट तळवे पाण्यात भिजलेल्या रुमालासारखे हलत होते. 

“पाण्याची सावली आहे, मॅडम,” मालक घाईघाईने म्हणाला.

“हात आहेत. बोटं दिसतायत.”

“राहिले असतील,” खवीस म्हणाला.

“बाकी सगळीकडे एक केस राहिला नाही, आणि इथे दोन हात राहिले?” पहिल्यांदा ती थेट त्याच्याशी बोलली. “राहिले नाहीत. तुम्ही ठेवलेत.”

‘तुम्ही’ म्हणाली. लहानपणी ती त्याला ‘ए बाबा’ म्हणायची. तो ‘तुम्ही’ असा मुस्काटात बसला की तो चिडला, आणि चिडल्यावर त्याला बरं वाटलं, कारण चिडणं त्याला येत होतं.

“आईने पाठवलंय का तपासायला? तिला म्हणावं, स्वतः ये. लेकीच्या आडून...”

“आईला यातलं काहीच नको होतं. ती म्हणत होती, राहू दे त्याला, होता तर होता. काढायला मी सांगितलंय.”

 मालकाच्या डोक्यात आता कुठे उजेड पडला. त्याने टीव्हीकडे बघितलं, खवीसाकडे बघितलं, आणि रिमोट चाचपत बसला.

“तू?” खवीस म्हणाला. “आणि गावभर दुसरं कोणी मिळालं नाही? इथेच आणून दिलंस?”

“दुसरीकडे दिलं असतं तर हा माणूस कोण, हे सांगावं लागलं असतं. तुम्हाला सांगावं लागत नाही.”

“बाप आहे मी तुझा!”

ती हसली. गोड हसणं नव्हतं ते. “असं? कोर्टात काय म्हणाला होतात?”

“कोर्टात माणूस शंभर गोष्टी बोलतो.”

“शंभर नका सांगू, एक सांगा. मी बाहेर बाकावर बसले होते. दार उघडंच होतं. ‘ही माझीच कशावरून?’ असं तुम्ही म्हणालात. मला तेव्हा काही समजलं नाही. मला वाटलं, खुर्चीबद्दल चाललंय, का कॅसेटबद्दल. घरातल्या सगळ्याच वस्तूंवरून भांडत होता ना तुम्ही. मोठी झाल्यावर समजलं.”

म्हणाला होता. त्यात खोटं काही नव्हतं. बायकोला सगळ्यात जास्त लागेल असं काहीतरी शोधता शोधता त्याच्या तोंडून ते निघालं होतं, आणि त्याचा त्या वाक्यावर स्वतःचाही कधी विश्वास नव्हता. बायकोने ते ऐकून त्याच्याकडे पाठ फिरवली होती. बाहेर बाकावर कोण बसलंय याचा त्याने तेव्हाही विचार केला नव्हता आणि नंतरही नाही.

“रागाच्या भरात बोललो,” तो म्हणाला.

“मीपण रागातच आहे.” तिचा आवाज जराही चढला नव्हता. “तुम्ही म्हणालात मी तुमची नाही. बरं, नाही. मग माझ्या लग्नात, सगळ्यांसमोर, परक्या माणसाचे हात माझ्या अंगाखाली कशाला? काढा ते. आत्ता, माझ्यासमोर.”

मालक म्हणाला, “मॅडम, उद्या सकाळी पाठवून...”

“आत्ता.”

तो आपल्या टेबलाशी जाऊन बसला. ती त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली. त्याने मॉनिटरचा उजेड वाढवला. ऑफिसातल्या लोकांनी असं काही कधी पाहिलं नव्हतं, सगळ्यांच्या माना वर झाल्या, आणि त्याने एक नजर फिरवताच खाली गेल्या. उजेडात तळवे स्वच्छ दिसत होते. नखं दिसत होती.

“हात काढले तर खोटं वाटेल,” तो पडद्याकडेच बघत म्हणाला. “ती आपली आपण वर कशी राहिली, असं वाटेल.”

“वाटू दे.”

“मी कामाचं सांगतोय.”

“मीपण कामाचंच सांगतेय. कोण विचारणार आहे?”

त्याने आकडा शून्यावर आणला. काही फ्रेममध्ये बोटांच्या कडा मास्कच्या बाहेर गेल्या होत्या, तिथे कुठे टोक, कुठे अंगठा तसाच तरंगत होता. त्याने एकेक फ्रेम घेतली. स्वतःच्या अंगठ्याभोवती ठिपके टाकले, रेघ बाहेर ओढली, फेदर दिलं, पुढची फ्रेम घेतली.  मागून ती मधूनच बोट पुढे करून दाखवायची, “इथे”, आणि तिथे खरंच काहीतरी राहिलेलं असायचं. नजर त्याचीच घेतली होती कार्टीने. त्याला ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं, आणि तसं वाटल्याचा इतका संताप आला की एक ठिपका भलतीकडे पडला, तो पुसून त्याने पुन्हा टाकला. रडला नाही. मऊ पडायची त्याला सवयच राहिली नव्हती, आणि तिला ते बघायची इच्छाही नव्हती.

काम झालं. तिने पुन्हा बाहेरच्या टीव्हीवर बघितलं. पाणी होतं, मुलगी होती, आणि दुसरं कोणी नव्हतं.

“आता ठीक आहे,” ती म्हणाली.

फिल्मच्या शेवटी, काळ्या पडद्यावर, काम करणाऱ्यांची नावं सरकत होती. मालकाने चपळाईने ती थांबवली. त्यात मास्कच्या कामापुढे खवीसाचं पूर्ण नाव होतं. मालक खाकरला. “मॅडम, हे पण काढतो. तुम्ही काळजीच करू नका.”

खवीस दारात उभा होता. ती ते नाव वाचत राहिली. तिने त्याच्याकडे बघितलं नाही, पण वाचायला लागतो त्याहून जास्त वेळ घेतला, आणि त्या वेळात त्या माणसाने काय काय मनात आणलं असेल ते त्याचं त्याला माहीत.

“राहू द्या,” ती म्हणाली. “काम केलंय यांनी. चांगलं केलंय. केलेल्या कामाला नाव असावं.”

“पण लग्नात कोणी विचारलं, हे कोण, तर?”

“तर काय? मास्कवाले.”

तिने पर्स खांद्याला लावली, मालकाचे आभार मानले आणि ती निघाली. दारात तो उभा होता तिथून तिला जावं लागलं. तो बाजूला झाला. ती “थँक यू” म्हणाली, अनोळखी माणसाला म्हणतात तसं, सभ्यपणे, आणि जिना उतरून गेली.

“राजे,” मालक हळूच म्हणाला, “मला खरंच काही माहीत...”

“टीव्ही तेवढा माणसांसारखा लावा आधी,” खवीस खेकसला. “डोळे फुटतात.”

तो आत गेला. पडदा पुन्हा ओढला, उजेड पुन्हा कमी केला आणि सगळे लेयर मिळून एकसंध फिल्म करणारं शेवटचं रेंडर लावलं. फ्रेममागून फ्रेम तयार होऊन पडद्यावर येऊ लागली. कपाट आलं, गच्ची आली, रिकामा बाक आला. मग तलाव आला. लाल टोपीतली मुलगी हातपाय मारत होती, पाणी उडवत होती, आणि मध्येच मान वळवून, घाबरून आणि खुशीत, बाजूला वर कोणाकडे तरी बघून हसत होती. तो तिच्या नजरेच्या मागोमाग तिथवर गेला. तिथे त्याने स्वतः आणून पसरलेलं पाणी होतं.